चार नंबरच्या मागाची कार्डं

मी सोलापूरला तीन आठवडे राहून आले हे कळल्यावर आमच्या संस्थेच्या मराठी मंडळानं वार्षिक अंकासाठी प्रवासवर्णन मागितलं. थंडी, हुरडा, शेंगांची चटणी, चादरी, असं काहीतरी छान लिही म्हणाले. ते सगळं तिथे होतं आणि मला ते आवडलंही. पण तिथे माझ्या हातून एक गोष्ट घडली, आणि नंतर मी गप्प बसले. ती गोष्ट वगळून लिहायला मी दोनदा बसले. दोन्ही वेळा पानभर हुरडा झाला आणि पुढे काही सुचेना. म्हणून आता जसं घडलं तसं लिहिते. माझं शिक्षण इंग्रजीतून झालं, मराठीत सफाई नाही, ती चूक पदरात घ्यावी.

जायचं कारण असं. आमच्या सरांना वाटत होतं, की चादरीवरची नक्षी आकड्यांत मांडून कॉम्प्युटरला दिली, तर मागासाठी कुठे भोक पाडायचं याची यादी तो मिनिटांत छापून देईल. चादरीचा माग भोकं पाडलेल्या कार्डांवर चालतो आणि आमचा कॉम्प्युटरही कार्डांवर चालतो. कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन बघायला हवं होतं. बाबांचे जुने स्नेही शिवलिंगप्पाकाका यांचा सोलापुरात चादरींचा कारखाना आहे, त्यामुळे मला पाठवायचं ठरलं.

साखर पेठ

जानेवारीत पहाटे उतरले तेव्हा स्टेशनवर हुडहुडी भरली. मुंबईहून येताना मी सोलापूर म्हणजे ऊन असं धरून चालले होते. काका स्वतः न्यायला आले होते. धोतर, काळा कोट, कपाळावर भस्माचे पट्टे.

"एवढीशीच पेटी? आन् गळ्यात काय लटकवलंय?"

"दुर्बीण. पक्षी बघायला."

"पक्षी? आमच्या चादरीवर लई मोर हायत की. फुकट बघ."

साखर पेठेतल्या घरी काकूंनी दारातच कानडीत काहीतरी विचारलं. मी नुसती हसले. मग त्यांनी मराठीत विचारलं, "जेवलीस का, विचारलं गं." सकाळचे सहा वाजले होते. त्या घरात कुणी आलं की आधी हा प्रश्न असतो आणि उत्तराची वाट न बघता ताट येतं. आमच्या घरी पाहुण्याला आधी चहा घेणार का म्हणून विचारतात, आणि तो आढेवेढे घेतो. इथे आढेवेढ्यांना जागाच नव्हती. कडक भाकरी म्हणजे पापडासारखी वाळलेली ज्वारीची भाकरी, तिच्यावर दही, आणि दगडी खलात कुटलेली, तेल सुटलेली शेंगांची चटणी. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मी ते थंडीमुळे आहे असं सांगितलं. काकू म्हणाल्या, "व्हय व्हय, आमची थंडी तिखटच असतीया."

कारखाना घराच्या मागेच. लांब पत्र्याची शेड, आठ माग, आणि असा आवाज की बोलणारा माणूस नुसता तोंड हलवताना दिसे. प्रत्येक मागाच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या कार्डांची साखळी शिडीसारखी लोंबत असे. हातभर लांबीची कार्डं, दोऱ्यानं एकमेकांना बांधलेली. एक कार्ड खाली सरकलं की चादरीचा एक आडवा धागा विणून होई. कार्डात भोक असेल तिथला हूक आपला उभा दोरा वर उचली, नसेल तिथला दोरा खाली राही.

ती कार्डं पाडायचे नरसय्या. तेलुगू विणकरांपैकी, साठीच्या आसपासचे, अंगानं काटकुळे. शेडच्या टोकाला खिडकीजवळ त्यांचं टेबल होतं, तिथे मोठ्यानं बोललं तर ऐकू येई. समोर चौकटींच्या कागदावर रंगवलेला मोर, हातात भोक पाडायचा पंच आणि लाकडी हातोडी. काकांनी माझी ओळख करून दिली तेव्हा ते उठून उभे राहिले. मी संस्थेतून आणलेलं आमचं एक कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते वाकवून बघितलं.

"एवढं पातळ? मागावर दिसभर टिकायचं न्हाय, अम्मा."

मी भोक म्हणजे एक आणि भोक नाही म्हणजे शून्य, असं समजावू लागले. संस्थेत मी पहिल्या वर्षाच्या मुलांचे तास घेते, त्यामुळे हे पाठ होतं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हंजी भोक असलं तर दोरा वर, न्हाय तर खाली. तुमचं बी ह्येच हाय की. मंग ह्ये शिकाया तुमाला किती वर्सं लागली?"

"सहा."

त्यांनी माझं कार्ड परत दिलं, पण पलीकडच्या चार नंबरच्या मागावरचे इस्माईलभाई हसले. मला वाटलं, त्या आवाजात त्यांना ऐकू येतं. विणकरांना ओठ वाचता येतात हे मला नंतर कळलं.

पुढचे आठ दिवस मी नरसय्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसून मोर आकड्यांत उतरवला. ते कागदाकडे बघण्यापेक्षा बोटांनीच कार्ड जास्त चाचपत. कार्ड डोळ्यांजवळ नेत, मग दूर धरत, मग बोट फिरवत. ते मला दिसत होतं. काकांनाही दिसत होतं. जेवताना एकदा काका म्हणाले, "चांगला मानूस, पर डोळं गेलं त्याचं. आता भाईरनं कार्डं पाडून देणारे झालेत, मशीनवर. एकदा काय तरी चुकू दे, मंग त्याला बी सांगता येईल." काकू म्हणाल्या, "तीस वर्सं झाली त्याला त्या टेबलावर." काका म्हणाले, "म्हणून तर सांगवत न्हाय."

हिप्परग्याचं तळं

रविवारी मला हिप्परग्याच्या तळ्यावर जायचं होतं. मुंबईत आमचा भटकणाऱ्यांचा गट आहे. दर रविवारी कुठला तरी डोंगर असतो. मी एकटी जाईन म्हटल्यावर काकूंनी कपाळाला हात लावला. काकांनी नरसय्यांना बरोबर धाडलं.

आम्ही तुळजापूरच्या रस्त्यानं बसनं गेलो आणि पुढे शेतांमधून चालत. ज्वारी कमरेच्या वर आलेली होती. बहात्तरच्या दुष्काळाला दोनच वर्षं झाली होती. नरसय्या म्हणाले, त्या साली हे तळं तळापर्यंत भेगाळलं होतं, आणि आता बघा. पाणी लांबवर पसरलं होतं, आणि काठाला राखी बगळे एकेका पायावर उभे होते. मी दुर्बीण लावून शोधत होते. नरसय्यांनी नुसत्या डोळ्यांनी बोट दाखवलं.

"त्या बाभळीच्या पल्याड. तांबूस दोन बदकं. जोडीनं हायत."

मी दुर्बीण फिरवली. चक्रवाकांची जोडी होती. मला ती आधी दिसलीच नव्हती.

"तुम्हाला दुर्बिणीशिवाय दिसलं?"

"लांबचं दिसतंय की. जवळचं धूसर झालंय. घरात कुनाला सांगितलं न्हाय." मग म्हणाले, "तुमी बी सांगू नका."

मी नाही सांगणार म्हटलं. एका शेतकऱ्यानं आम्हाला बांधावर बसवून हुरडा भाजून दिला. गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, कणसं टाकायची, तळहातावर चोळायची, फुंकर मारून दाणे पुढच्याच्या हातात द्यायचे. आमच्याकडे ज्याचं त्याच्या ताटात असतं. इथे चोळणारा स्वतः शेवटी खातो. नरसय्यांनी आधी मला चोळून दिला. त्यांना कोण देणार, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा आर विझत आला होता.

गुरुवार, दुपार

संस्थेत मुलांच्या कार्डांचे गठ्ठे तपासताना मला एक सवय लागली आहे. चूक दिसली की मुलाला बोलावून सांगायचं असतं. मला ते जमत नाही. समोरच्याचा चेहरा पडलेला बघवत नाही. म्हणून मी गुपचूप ते एक कार्ड बदलून टाकते. मुलाचा प्रोग्राम चालतो, तो खूष, मला बोलावं लागत नाही.

त्या गुरुवारी चार नंबरच्या मागाची साखळी खाली काढली होती. दोरे झिजले होते, कार्डं नव्यानं ओवायची होती. नरसय्या दुपारी एका नातेवाइकाच्या घरी बारशाला गेले होते. कार्डं सुटी, टेबलावर क्रमानं रचलेली. माझा आकड्यांतला मोर तयार होता. म्हटलं, ताडून बघू.

मोराच्या मानेच्या बत्तीस कार्डांत गडबड निघाली. कागदावर जिथे दोन भोकं असायला हवी होती तिथे ती बारीक कागद चिकटवून बुजवलेली होती. आणि अगदी काठाला, जिथे काहीच नको, तिथे दोन भोकं जास्त होती. बत्तीसही कार्डांत तेच. मला वाटलं, डोळे. कार्ड उलटसुलट झालं असेल, मग चूक लपवायला कागद लावले असतील. हे त्यांना सांगायचं म्हणजे तुमचे डोळे गेलेत असं तोंडावर सांगायचं.

मी काकांच्या कचेरीतून गोंदाची बाटली आणली. ओल्या फडक्यानं बुजवलेली भोकं मोकळी केली, काठाची भोकं कागद लावून बंद केली. दीड तास लागला; मी रोज त्याच टेबलाशी बसत असल्यानं कुणाला वेगळं वाटलं नाही. पत्त्यांसारखा गठ्ठा नीट ठोकून जागेवर ठेवला. मी फार खूष होते. एका म्हाताऱ्या माणसाची नोकरी मी त्याला न दुखवता वाचवली, असं मला मनापासून वाटत होतं. घरी जाऊन अहवालात एक वाक्यही लिहिलं, की हातानं पाडलेल्या कार्डांत चुका राहतात, कॉम्प्युटरमुळे त्या टळतील.

संध्याकाळी नरसय्या आले आणि त्यांनी गठ्ठ्याच्या क्रमानंच कार्डं ओवली, पुन्हा चाचपली नाहीत. शुक्रवारी साखळी मागावर चढली.

सोमवार

त्या कारखान्यात चादर उलट्या बाजूनं विणतात. सुलट बाजू खाली असते, त्यामुळे विणणाऱ्याला बारीक फरक कळत नाही. वीस चादरींचा तागा उतरला आणि घडी घालायला पसरला, तेव्हा मी माझ्या स्टुलावरच होते.

प्रत्येक मोराच्या मानेत चोचीपासून छातीपर्यंत एक पांढरी रेघ होती. सरळ, पट्टीनं ओढल्यासारखी.

मागाचं मला फार कळत नव्हतं. पण मान कळत होती, आणि बत्तीस ओळी मोजता येत होत्या.

काकांनी सगळे माग बंद करायला लावले. "नरसय्या! मोराचा गळा कापलास की रे! वीसच्या वीस? अक्कलकोटच्या दुकानाचा माल हाय ह्यो, काय तोंड दाखवू मी तिथं?"

इस्माईलभाई पुढे आले. "मेरेकू नीचे का नै दिखता, सेठ. मैं तो कार्ड पे चलता."

"तुला कोन बोललंय? कार्डाचंच बोलतोय मी."

नरसय्या साखळीजवळ गेले. मानेची कार्डं शोधली आणि डोळ्यांजवळ न नेता काठावरून अंगठा फिरवला. मग चिकटवलेल्या कागदाला नख लावलं आणि नख नाकाशी नेलं. ते वळले. शेडच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत त्यांनी एकदा बघितलं, काकांकडे, मागांकडे, माझ्याकडे. मी माझ्या वहीकडे बघत होते.

"चुकलं," ते म्हणाले. "माज्याकडनंच झालं असंल."

"डोळं गेलंय तुझं, नरसय्या. कवापासनं बघतोय. आता कार्डं भाईरनं पाडून आणायची. तू कांड्या भर. रोजगार बुडणार न्हाय तुझा."

कांड्या भरणं, म्हणजे धाग्याच्या नळ्या भरणं, हे तिथे बायकांचं काम आहे. शेडच्या दाराशी पाच-सहा जणी चरखे घेऊन बसतात. त्यांच्यातलीच एक म्हणाली, "या दादा, बसा. हितं हवा येतीया." कुणी हसलं नाही. नरसय्यांनी पंच आणि हातोडी टेबलावर ठेवली आणि तिथे जाऊन बसले.

बोलायला एक क्षण लागला असता. मी तो गेल्यावर दुसऱ्याची वाट बघितली. काका घरी निघाले, वाटलं आता सांगू. जेवायला बसले, वाटलं आता. मग काकूंनी विचारलं, "आज गप का गं?" आणि मी डोकं दुखतंय म्हटलं. त्यांनी माझ्या कपाळाला सुंठ उगाळून लावली.

अक्कलकोट

दुसऱ्या दिवशी काका दुकानदाराची समजूत घालायला अक्कलकोटला निघाले आणि मला दर्शन घडावं म्हणून काकूंसह बरोबर घेतलं. तासाभराचा रस्ता, काळी जमीन, करडई पिवळी फुललेली. बसमध्ये बायका कानडीत सुरुवात करत आणि मराठीत भांडण संपवत. एरवी मी हे सगळं वहीत टिपलं असतं.

दुकानदारानं चादर पसरली, रेघेवर बोट ठेवलं. "हे कसं काय झालं, अप्पा?"

"मानूस म्हातारा झालाय," काका म्हणाले. "डोळ्याला दिसत न्हाय. काढलं त्याला त्या कामावरनं."

"बरं केलंत."

मी दोघांच्या मधोमध बाकावर बसले होते. माझ्या हातात लिंबाच्या सरबताचा पेला होता आणि मी तो पीत होते. दुकानदारानं आणखी हवंय का विचारलं, आणि मी हो म्हटलं. हे का सांगते आहे ते मलाही नीट कळत नाही, पण सगळ्यात जास्त आठवतो तो दुसरा पेला.

मठात काकूंनी मला हात धरून पुढे नेलं. मी डोळे मिटून बराच वेळ उभी राहिले. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "एवढं काय मागितलंस गं?"

"काही नाही," मी म्हटलं. ते खरं होतं. मी फक्त लोक बघत असतील म्हणून डोळे मिटले होते.

निघायच्या आदल्या दिवशी

शेवटी काकांना सांगितलं ते कचेरीत, दार लोटून. त्यांनी आधी गोंदाच्या बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता ओरडतील. ते हळू आवाजात बोलले.

"हे कुनाला बोलू नकोस. पाहुनी हायस तू, तुझ्या बाबाला काय वाटंल? आन् त्याचं डोळं काय तुझ्यामुळं गेलेत? आज ना उद्या हे व्हायचंच होतं." मग दाराकडे बघून म्हणाले, "काकूला बी नको."

मी बाहेर आले. खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं. ते हलकेपण गल्लीच्या वळणापर्यंत टिकलं.

नरसय्यांचं घर जवळच होतं. ते ओट्यावर बसले होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, बत्तीस कार्डांपासून. त्यांनी मध्ये अडवलं नाही.

"ठाव हाय," ते म्हणाले. "मी चिंचोक्याची खळ लावतोय. त्या कागदाला गोंदाचा वास हुता."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

त्यांनी हातानंच ते बाजूला सारलं. म्हणाले, "चार नंबरचं दोन हूक तुटल्यात, अम्मा. दोन वर्सं झाली. नवं मिळंनात. तवा त्येंचे दोरे मी काठाच्या रिकाम्या हुकावर नेले. म्हनून मानेतली भोकं बुजवली आन् काठाला पाडली; ती काठाची तुमी बंद केलीसा, मंग दोरे उचलनार कोन? कागूद नक्षीचा असतोय. कार्डं मागाची असत्यात. इचारलं असतं तर सांगितलं असतं."

"मला वाटलं, तुमचे डोळे..."

"व्हय. समद्यांनाच वाटतंय." ते रस्त्याकडे बघत होते. "त्या दिशी मी तुमच्याकडं बघितलं. जवळचं दिसत न्हाय मला. पर तुमी लांब हुता. मान खाली घातल्याली चांगली दिसली."

मी काकांना सांगितलंय म्हटलं. ते म्हणाले, "दार लावून?"

मी हो म्हटलं.

"मंग ते सांगनं न्हवं. माजं डोळं गेलं म्हनले, ते समद्या मागांम्होरं म्हनले."

शेवटची सकाळ

गाडी दुपारी होती. दहाच्या सुमाराला मी शेडमध्ये गेले. आठही माग चालू होते. मी इस्माईलभाईंच्या मागासमोर उभी राहून म्हटलं, की ती मान मी बिघडवली. त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं, हात पुढे करून माग थांबवला आणि शेजारच्यालाही थांबवायची खूण केली. मग एकेक करत सगळे थांबले. एवढी शांतता मला नको होती. मला वाटलं होतं, आवाजात सांगून होईल.

पुन्हा सांगावं लागलं, मोठ्यानं. माझ्या पुस्तकी मराठीत ते फारच बेगडी वाटत होतं. "नरसय्यांची कार्डं बरोबर होती. मी त्यांना न विचारता ती बदलली. आणि सोमवारी मी इथेच होते आणि बोलले नाही."

"पहले बोलना था, बाई," इस्माईलभाई म्हणाले. रागानं नाही. मागावरचा धागा तुटला, हे सांगावं तसं.

काका दारात येऊन उभे होते. त्यांचा चेहरा उतरला होता. मी त्यांचंही नाव घालवलं होतं, त्यांच्याच कारखान्यात. ते चरख्यांकडे वळून म्हणाले, "नरसय्या, चार नंबरची नवी साखळी आलीय. तू बघून दे बाबा एकदा."

नरसय्यांचा चरखा थांबला नव्हता. "भाईरनं पाडून आनलीसा न्हवं? त्येलाच बघाया सांगा, अप्पा."

"आता ताणू नकोस."

"तानत न्हाय. हितं हवा येतीया."

बायकांपैकी कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. काय म्हणायचं ते ठरवून आले होते, ते सगळं इंग्रजीत होतं.

"तुमची गाडी कवाची?" त्यांनी विचारलं.

"साडेबाराची."

"मंग निघा. टांगा लवकर घावत न्हाय."

इस्माईलभाईंनी माग चालू केला. मग दुसरा, तिसरा. आवाज पुन्हा पत्र्याला भिडला. मी अजून वाटेतच उभी होते. भरलेल्या कांड्यांची टोपली डोक्यावर घेऊन एक बाई आली, माझ्यापाशी थांबली आणि कानाशी ओरडून म्हणाली, "सरका की वो बाई, वाट सोडा."

मी सरकले.